नववीच्या वर्गासह ओहोटीच्या कातळावर: एका किनारा-सफरीचा अभिप्राय

आमच्या शाळेच्या नववीच्या एका तुकडीला माघ वद्य द्वितीयेच्या सकाळी आम्ही वांद्र्याच्या कार्टर रोडलगतच्या खडकाळ किनाऱ्यावर नेले होते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर जाणकारांसोबत फिरून तिथले जीव पाहायचे, अशी ही सफर. ती घडवून आणणारा गट लहान आहे, त्यातले बहुतेकजण आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतात आणि मला पुढे काही उणिवाही नोंदवायच्या आहेत, म्हणून गटाचे नाव मी देत नाही. मुंबईत २०१७ साली 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाने अशा सफरींना सुरुवात केली. आम्ही गेलो तो गट वेगळा आहे. अशी सफर निवडताना शिक्षकाने काय पाहावे आणि आधी काय विचारून घ्यावे, हे ठरवायला हा अभिप्राय उपयोगी पडावा, एवढीच अपेक्षा आहे.

आधी व्यवहाराचे सांगते. विद्यार्थी ३४, शिक्षक दोन, मार्गदर्शक चार. शुल्क दरडोई ३०० रुपये होते. आमची शाळा अनुदानित असल्याचे कळवल्यावर त्यांनी ते न मागता निम्मे केले. सफरीच्या चार दिवस आधी दोन मार्गदर्शक शाळेत येऊन चाळीस मिनिटांचा तास घेऊन गेले, आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावर आम्ही पावणेदोन तास होतो.

सफरीची वेळ ठरवण्याची पद्धत मला फार आवडली, कारण तिथूनच शिकवणे सुरू झाले. आपल्याकडे भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. द्वितीयेला दोन पाऊण दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती. तिच्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास ओहोटी. मार्गदर्शकांनी शाळेतल्या तासाला हा हिशेब फळ्यावर करून दाखवला आणि शेजारी भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातली वेळ लिहिली. दोहोंत दहा मिनिटांचाही फरक नव्हता. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे मुलांनी भूगोलात वाचले होते. पण घरातल्या दिनदर्शिकेवरून समुद्राची वेळ काढता येते, हे त्यांना पहिल्यांदाच कळले. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग हे कोळ्यांचे शब्दही त्याच तासाला आले. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, म्हणून असे फिरणे भांगाच्या दिवसांत करून फारसा उपयोग नसतो. कोणी गट तिथी न पाहता केवळ तुमच्या सोयीची तारीख देऊ करत असेल, तर तो गट घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी समाधानी आहे. बंद, जुने, ओले झाले तरी चालतील असे बूट घालून या आणि सपाता घालून आलेल्याला कातळावर उतरू देणार नाही, असे त्यांनी आधीच कळवले होते आणि तसेच वागले. सपाता घालून आलेल्या एका मुलासाठी त्यांच्या पिशवीत जास्तीचे बूट होते. ओहोटी पूर्ण होण्याच्या पाऊण तास आधी उतरायचे आणि ती उलटल्यावर तासाभरात सगळ्यांनी वर यायचे, हा नियम शिट्टी वाजवून पाळला गेला. उलटलेले पाणी पहिल्या तासात संथ चढते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने, एकूण चढाच्या जवळजवळ निम्मे. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबणारे लोक म्हणूनच अडकतात, हे त्यांनी मुलांना आकडे मांडून पटवले. धाक घालण्यापेक्षा कारण सांगितले की नववीची मुले ऐकतात, हा माझा वर्गातला अनुभव तिथेही खरा ठरला.

आता मुख्य गोष्ट. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्राण्यांच्या वर्गीकरणाचे प्रकरण आहे. रंध्रीय, निडारिया, वलयांकित, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी ही संघांची, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटांची, नावे मुले दरवर्षी पाठ करतात, प्रत्येकाचे एक उदाहरण लिहितात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी अठरा वर्षे हे प्रकरण शिकवते आहे आणि त्यातल्या निम्म्या संघांचा एकही जिवंत प्राणी मी स्वतः पाहिलेला नव्हता. आमच्या पिढीने समुद्री जीव पाहिले ते मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, काचेपलीकडे; आणि तिथेही नजर जायची ती माशांकडे. त्या सकाळी कातळाच्या वीसेक पावलांच्या पट्ट्यात मी सहापैकी पाच संघ पाहिले. कंटकचर्मी, म्हणजे तारामाशासारखा जीव, मात्र सापडला नाही. मार्गदर्शकांनी तो शोधण्यासाठी दगड उलथेपालथे केले नाहीत, हे मला योग्य वाटले.

त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण या सफरीचे मोल त्यातच आहे. वरच्या पट्ट्यातल्या खडकावर पांढुरक्या, खरखरीत, टोकाला तोंड असलेल्या बारीक शंकूंचा थर असतो. हात लावला तर किसणीसारखा लागतो. मार्गदर्शक मुलीने मुलांना विचारले, हा कोण? बहुतेकांनी शिंपला म्हटले, दोघांनी दगड म्हटले. उत्तर न देता तिने हे शंकू चिकटलेला मुठीएवढा सुटा दगड उचलून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पारदर्शक डब्यात ठेवला आणि सगळ्यांना गप्प बसून पाहायला सांगितले. दोन-अडीच मिनिटे काहीच घडले नाही. नववीच्या नऊ मुलांनी अडीच मिनिटे न बोलता एका डब्याकडे पाहत राहावे, हे मला वर्गात कधी साधलेले नाही. मग एका शंकूच्या तोंडाशी असलेली चिमुकली झापडे उघडली, आतून पिसासारखा एक पंजा बाहेर आला, पाणी ओढून घेतल्यासारखा मिटला आणि पुन्हा बाहेर आला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. थोड्याच वेळात सगळा दगड हलू लागला. हे बार्नेकल. ते पिसे म्हणजे त्याचे पाय, सांध्यांचे. आयुष्याच्या सुरुवातीला तो पाण्यात पोहतो, मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचा चिकटतो, भोवती चुन्याचे घर बांधतो आणि पुढे जन्मभर पायांनी अन्न गोळा करून खातो. म्हणजे तो शिंपल्याचा नव्हे, खेकड्याचा नातेवाईक. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञही त्याला मृदुकायांत धरत होते, हे तिने शेवटी सांगितले, तेव्हा शिंपला म्हणणाऱ्या मुलांचे चेहरे खुलले. दगड जिथून उचलला तिथेच, ज्या बाजूने होता त्याच बाजूने परत ठेवला गेला.

'संधिपाद' या शब्दाचा अर्थ त्या मुलांना आता फोडून सांगावा लागणार नाही.

खालच्या पट्ट्यात, जिथे कातळ जेमतेम तास-दीड तास उघडा राहतो तिथे, हिरवट-तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढ्या गोलांची दाट चादर पसरलेली होती. पाणी नसताना हे जीव मिटून बसतात आणि चकाकतात. शेजारच्या डबक्यात बुडालेले तेच जीव मात्र फुलासारखे उघडलेले होते. हे झोअँथिड, प्रवाळांचे आणि समुद्रफुलांचे भाऊबंद, म्हणजे निडारिया. त्यांच्यातल्या काही जातींत अतिशय जहाल विष असते, म्हणून इथे कोणीही हात लावायचा नाही आणि त्यांच्यावर पाऊलही ठेवायचे नाही, हे दोनदा बजावले गेले. एका दगडाच्या पोटाला नारिंगी स्पंज होता, म्हणजे रंध्रीय. चुन्याच्या वेटोळ्या नळ्या करून राहणारे किडे होते, म्हणजे वलयांकित. आणि खडकाच्याच रंगाचा, खडबडीत पाठीचा एक गोगलगायीसारखा जीव होता, म्हणजे मृदुकाय, ज्याला शंख नसतो, जो ओहोटीला हवेत श्वास घेतो आणि ज्याच्या पाठीवर प्रकाश जाणणारे बारीक डोळे असतात. तो दाखवल्यानंतरही आमच्यापैकी निम्म्यांना तो दिसत नव्हता; एकदा नजर बसल्यावर मात्र प्रत्येक पावलावर दिसू लागला. ऑक्टोपस दिसला नाही. मुलांना त्याचीच आस होती, पण तो दिसेलच असे गटाने कुठेही म्हटले नव्हते, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

नियमांबाबत गट काटेकोर आहे. रिकामा शंखसुद्धा घरी न्यायचा नाही, कारण शंखात राहणाऱ्या खेकड्याला वाढत जाताना मोठे घर लागते आणि किनाऱ्यावरचा प्रत्येक रिकामा शंख हे त्याचे पुढचे घर असते. प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या पंक्तीला बसले, हे ऐकून मुले चकित झाली. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हते. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या, हे मार्गदर्शकाने सांगितले आणि त्यावर मुलांमध्ये जी चर्चा झाली ती त्याने मध्ये न पडता होऊ दिली. किनाऱ्यावरच्या सांडपाण्याच्या वासाबद्दल एका मुलीने विचारले, तेव्हाही त्याने सारवासारव केली नाही. शहराचे पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी इथे येते, तरीही इथे हे जीव जगतात, आणि जगतात म्हणून पाणी चांगले आहे असे समजू नका, असे त्याने सांगितले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे.

आमची शाळा मराठी माध्यमाची आहे, हे नोंदणी करतानाच कळवले होते. तरीही चारपैकी एकच मार्गदर्शक मराठीतून बोलू शकत होती. बार्नेकल दाखवणारी ती हीच. बाकीचे तिघे हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ करून बोलत होते. ते प्रेमाने बोलत होते, पण त्यांच्या गटांतल्या मुलांनी प्रश्न कमी विचारले, हा फरक मी दोन्हीकडे उभी राहून पाहिला. मुलांच्या हाती दिलेली चित्रकार्डे सुंदर होती, पाण्यात भिजणार नाहीत अशा कागदावर छापलेली, पण सगळी इंग्रजीत. त्यावरची नावे मुलांना वाचता आली, तरी वाचलेल्या नावातून कशाचाच बोध होत नव्हता.

ज्या किनाऱ्यावर हे घडत होते, तिथे प्रत्येक गोष्टीला नाव आहे. खारदांड्याचा कोळीवाडा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही उतरलो तेव्हा एक मावशी कातळावर बसून लोखंडी टोच्याने कालवे फोडत होत्या. मार्गदर्शक त्यांना ओळखत होते, नमस्कार करून पुढे गेले. आमच्यातली एक मुलगी स्वतः कोळ्याची. ती थबकली आणि तिने मावशींशी बोलायला सुरुवात केली. पाच मिनिटांत तिथे बारा-पंधरा मुले जमली. "आमी यांना कालवां बोलतो," असे म्हणून मावशींनी जिवंत कालव आणि रिकामे कवच टोच्याच्या आवाजावरून कसे ओळखायचे ते दाखवले: भरलेले कालव घट्ट वाजते, रिकामे पोकळ. कालवे कातळाच्या कोणत्या उंचीपर्यंत मिळतात, त्याच्या वर का मिळत नाहीत, पावसाळ्यात ती का काढायची नाहीत, चिखलात उड्या मारणारा निवटा आता कुठे दिसतो आणि पूर्वी कुठे दिसायचा, हे सगळे त्यांनी हात न थांबवता सांगितले. किनाऱ्यावरच्या जीवांचे उंचीनुसार पडणारे पट्टे हा मार्गदर्शकांच्या तासाचा विषय होताच. मावशींनी तोच विषय टोच्याने शिकवला. मग वेळ झाली म्हणून शिट्टी वाजली आणि मुलांना पुढे नेण्यात आले.

मला हे खटकले. मावशींचे ज्ञान हा या सफरीचा अधिकृत भाग असायला हवा, त्यांच्या वेळेचा मोबदला त्यांना मिळायला हवा, आणि कालव, निवटा, चिंबोरी, माकुल, खुबे, तिसऱ्या, पाकट ही नावे कार्डावर सर्वांत आधी, मोठ्या अक्षरांत यायला हवीत. ज्यांना मराठीत रूढ नाव नाही त्यांच्यासाठी नाव घडवता येते. आमच्या मुलांनी झोअँथिडला तिथल्या तिथे 'बटणफूल' म्हटले आणि परतीच्या बसमध्ये सगळा वर्ग तेच नाव वापरत होता. मराठीतून सागरविज्ञान पोहोचवायचे तर शब्द कुठून आणायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. निम्मे शब्द कोळीवाड्यात तयार आहेत आणि उरलेले मुले करतील.

इतर उणिवा लहान आहेत, पण शिक्षकांना माहीत असाव्यात. एका मार्गदर्शकामागे आठ-नऊ मुले हे प्रमाण कागदावर ठीक दिसते. प्रत्यक्षात ताटाएवढ्या डबक्याभोवती पाचच मुले नीट वाकून बसू शकतात आणि मागच्यांना पाठी दिसतात. ३४ ऐवजी वीस मुले नेली असती तर बरे झाले असते, हे मी माझ्याही निर्णयाबद्दल म्हणते. किनाऱ्याजवळ मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, याबद्दल सूचनापत्रकात एक ओळही नव्हती. सकाळी सहाला घरून निघालेल्या मुलींच्या दृष्टीने ही ओळ बुटांच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे. आणि सफरीनंतरचा पाठपुरावा फारच तोकडा पडला. मुलांनी काढलेली छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर चढवायची, जगभरचे जाणकार ती पाहून जीवाची ओळख पटवतात आणि तुमची नोंद शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते, असे आधीच्या तासाला सांगितले होते. कल्पना उत्तम आहे. पण किनाऱ्यावर फोन दोन शिक्षकांचे आणि चार मार्गदर्शकांचेच होते, छायाचित्रे त्यांच्याकडेच राहिली आणि तीन आठवड्यांनी, दोनदा आठवण केल्यावर, ११ नोंदींचा दुवा आला. त्यातल्या चार नोंदींची ओळख पटलेली होती. तो दुवा मी फळ्यावर उघडला तेव्हा वर्ग पुन्हा एकदा त्या कातळावर गेला, इतकी त्यात ताकद आहे. म्हणूनच हा भाग उशिरावर सोडायला नको होता.

काही शिक्षकांनी मला विचारले आहे की एवढी यातायात करण्यापेक्षा ऐरोलीला का नेऊ नये. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र चांगले आहे. ठाणे खाडीतली तिथली होडीची फेरी हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी जरूर करावी. खाडीचा तो भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पण तो अनुभव वेगळा आहे. होडीत मूल पाहते ते दूरवरचे, आणि ते भव्य असते. कातळावर मूल गुडघे टेकून वीतभर अंतरावरचे पाहते, आणि ते आधी त्याला दिसतच नाही. वर्गीकरणाच्या प्रकरणासाठी मी कातळ निवडेन, खारफुटी आणि स्थलांतराच्या विषयासाठी ऐरोली. पाचवी-सहावीच्या मुलांना मात्र कातळावर नेऊ नये. निसरड्या खडकावर त्यांना सांभाळण्यातच सगळा वेळ जाईल. त्यांच्यासाठी जुहू किंवा गिरगावची सपाट वाळू आणि तिथल्या खेकड्यांनी घातलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पुरेशी आहे.

पैशांच्या मानाने मिळालेले शिक्षण भरपूर आहे, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि नववीच्या दुसऱ्या तुकडीला मी त्याच गटाबरोबर नेणार आहे. पावसाळा आणि दिवाळी संपल्यावर, कार्तिक वद्य द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ मी मागितली आहे. या वेळी मुले वीस असतील. दोन मार्गदर्शक मराठी बोलणारे हवेत, असे लेखी कळवले आहे आणि गटाने ते मान्य केले आहे. मराठी कार्डांचा मजकूर मी आणि आमच्या भाषेच्या बाई मिळून लिहून देत आहोत; त्यातली नावे तपासायला वर्गातल्या त्या कोळी मुलीची आजी येत्या शनिवारी शाळेत येणार आहे. मावशींच्या मानधनाबद्दल गटाचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून ती रक्कम मी या वेळच्या सहलीच्या खर्चात धरून ठेवली आहे.